आधी पाण्याची वाट : भोर-वेल्ह्यातील बांधकाम आणि पावसाचे पाणी

बांधकामाच्या जागेवर पावसाचे पाणी तीन वाटांनी येते. एक थेट आभाळातून त्या जागेवर पडते. दुसरे वरच्या उतारावर पडून वाहत खाली येते. तिसरे जमिनीच्या पोटातून येते. आषाढ-श्रावणात डोंगर पाणी पिऊन भरला की पायथ्याला उपळ फुटतात, एरवी कोरडी वाटणारी जमीन पाझरू लागते आणि पाऊस उघडला तरी कित्येक दिवस पाझरत राहते. सपाट मुलखात पहिल्या पाण्याची सोय केली की बहुधा भागते. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला सह्याद्रीच्या कण्याला टेकून असलेल्या भोर आणि वेल्हे या तालुक्यांत मात्र तिन्ही पाण्यांचा हिशेब आधी करावा लागतो. त्यांतही दुसरे आणि तिसरे पाणी घराचे जास्त नुकसान करते, कारण ते मागून आणि खालून येते.

या मुलखाची ठेवणच तशी आहे. पश्चिमेला वरंधा आणि मढे घाटांच्या माथ्यावर जमीन एकदम कोकणात तुटते. पूर्वेला ती सोंडा-सोंडांनी उतरत जाते आणि दोन सोंडांच्या मध्ये एकेक खोरे तयार होते. नीरा शिरगावजवळ उगम पावून हिरडस मावळातून वाहते. वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी आपापल्या खोऱ्यांतून पूर्वेकडे जातात, तर आंबी आणि मोसे या नद्या मुठेकडे वळतात. जुन्या कागदांत या खोऱ्यांचीच नावे मुलखाला लावलेली आढळतात: हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे, रोहिड खोरे. पाण्याच्या वाटेवरून प्रदेश ओळखण्याची ही रीत इथल्या माणसाच्या मनात पाण्याला कुठले स्थान होते ते सांगून जाते. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो; तिथून पूर्वेला नसरापूर-कापूरहोळकडे यावे तसा तो झपाट्याने कमी होतो. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या केळदच्या घराला लागणारी व्यवस्था आणि नसरापूरच्या घराला लागणारी व्यवस्था एकच असू शकत नाही. जुन्या बांधणीत हा फरक छपराच्या चढापासून जोत्याच्या उंचीपर्यंत उमटलेला होता.

जमिनीचा पोतही ध्यानात घ्यायला हवा. काळ्या पाषाणाचे आडवे थर एकावर एक रचलेले असतात. त्यांतला एखादा थर टणक, एखादा भेगाळलेला, तर मधला मऊ व कुजका. भेगांतून उतरलेले पाणी टणक थरावर येऊन अडते आणि डोंगराच्या कडेने बाहेर पडते. उपळ फुटण्याचे कारण हेच. वर मुरूम आणि त्यावर मातीचा पातळ थर. गवताच्या मुळांनी धरून ठेवला तोवर तो टिकतो. मुळे निघाली की पहिल्याच वळवात ओघळी पडतात.

पाणी किती, याचा साधा हिशेब करता येतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका गुंठ्यावर सुमारे १०,००० लिटर, म्हणजे एका मोठ्या टँकरएवढे पाणी पडते. पश्चिम भागात असा दिवस आषाढात नवलाचा नसतो. घराच्या वर दहा गुंठ्यांचा उतार मोकळा असेल आणि त्याचे पाणी घराकडेच येत असेल, तर त्या एका दिवसात लाखभर लिटर पाण्याला वाट लागते. जमीन भिजून तुडुंब झालेली असते, त्यामुळे मुरते त्यातले थोडेच. शिवाय वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याच्या धडकेचा जोर चौपट होतो. म्हणून पाणी अडवण्यापेक्षा त्याचा वेग मोडणे आणि त्याला घराच्या वरच्या अंगालाच वळवणे हे इथल्या बांधणीचे मूळ सूत्र राहिले.

जागा निवडण्यापासूनच त्याची सुरुवात होई. जुनी गावठाणे आणि वाड्या खोऱ्याच्या तळाशी फारशा दिसत नाहीत. तळाची जमीन भातखाचरांसाठी राखलेली असे. घरे टेपावर, सोंडेच्या रुंद पाठीवर किंवा माचीसारख्या सपाटीवर. टेपावरून पाणी दोन्ही बाजूंना उतरते आणि वरून येणारा लोंढा कमी असतो. दोन टेपांमधली घळ उन्हाळ्यात कितीही सोयीची दिसली तरी तिथे घर घालत नसत, कारण ती पाण्याची जागा. ओढ्याकाठचा एखादा तुकडा दहा वर्षे कोरडा राहिला तरी त्याला गावात ओढ्याच्याच नावाने ओळखत. नकाशा नसलेल्या काळात शेताशिवारांची नावेच नकाशाचे काम करीत होती, आणि त्यांत पाण्याच्या आठवणी साठवलेल्या असत.

जागा ठरली की जोते. मावळातल्या घराचे सगळे आयुष्य जोत्यावर अवलंबून असते, कारण भिंती मातीच्या किंवा कारवीच्या कुडाच्या. कुडावर शेणमातीचा गिलावा. अशी भिंत वरून झाकली आणि खालून कोरडी ठेवली तर दोन-तीन पिढ्या उभी राहते. बुडाशी पाणी लागले तर एका पावसाळ्यात बसते. म्हणून जोते दगडाचे, उतारावर पुढच्या बाजूला कमरेएवढे किंवा त्याहूनही उंच. आत मुरूम भरून तो थराथराने पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा. हे ठोकणे घाईत उरकले तर भर पावसात पोटात पाणी धरते आणि जमीन खचते. आजच्या भरावांवर पडणाऱ्या भेगांचे कारणही बहुतेक वेळा हेच असते.

उतारावर जोते घालताना डोंगराकडची बाजू खोदावी लागते आणि दरीकडची भरावी लागते. डोंगराकडे जो कापलेला काठ तयार होतो तोच घराचा खरा शत्रू. त्या काठात आणि घराच्या मागच्या भिंतीत माणूस चालू शकेल एवढी मोकळी जागा सोडत आणि तिथे चर खणत. वरून आलेले पाणी आणि काठातून पाझरलेले उपळीचे पाणी या चरात पडून घराच्या दोन्ही कुशींनी बाहेर निघे. काठाच्या वर, थोड्या अंतरावर, दुसरा एक चर उताराला तिरपा खणलेला असे; तो वरचा लोंढा घरापर्यंत येऊच देत नसे. चर सरळ उताराच्या दिशेने खणला तर तोच ओघळ होऊन जमीन कापत जातो, आणि अगदी आडवा ठेवला तर भरून फुटतो. त्याला किंचित उतार द्यायचा, आणि तोंड खडकावर, गवतावर किंवा जुन्या ओढ्यात सोडायचे. शेजाऱ्याच्या अंगणात सोडले तर भांडण ठरलेले. पाण्याची वाट हा गावकीच्या वादांचा नेहमीचा विषय होता, आणि वरच्याने पाणी कुठे सोडावे याबद्दलच्या समजुती लिहिलेल्या नसल्या तरी सर्वांना ठाऊक असत.

छपराचे काम म्हणजे पाणी भिंतीपासून दूर टाकणे. भाताच्या पेंढ्याचे किंवा डोंगरी गवताचे छप्पर, त्याचे पाखे उभे, वळचण भिंतीच्या बरीच पुढे आलेली. पेंढा पाणी पितो, धरतो आणि मग संथपणे सोडतो; पागोळ्या गळतात त्या धारेसारख्या, पण त्यांना लोंढ्याचा जोर नसतो. पागोळी जिथे पडते तिथे जमिनीत रेघ पडते आणि हळूहळू खळगा होतो. म्हणून त्या ओळीवर सपाट दगड बसवत किंवा गोटे अंथरत. पाणी फुटून उडे, माती उडत नसे. या दगडांच्या ओळीला लागूनच बारीक चर, तो मागच्या चराला मिळालेला. पावसाची झड ज्या बाजूने येते त्या बाजूच्या भिंतीला पावसाळ्यापुरते गवताचे आवरण बांधले जाई. पडवी बहुधा त्याच अंगाला असे. तिथे गुरे, लाकूडफाटा, शेतीची अवजारे राहत आणि मुख्य भिंत दुहेरी सुरक्षित होई.

या सगळ्याला वेळापत्रक होते. दसरा-दिवाळीनंतर पायाची खणती. हिवाळ्यात भिंती थराथराने चढवायच्या, प्रत्येक थर वाळू द्यायचा. चैत्र-वैशाखात आढे, वासे आणि छप्पर. ७ जूनच्या सुमाराला मृग लागतो. त्याआधी घर झाकले गेलेच पाहिजे, आणि झाकणे जमणार नसेल तर उघड्या भिंतींच्या डोक्यावर पेंढा घालून दगड ठेवून काम पुढच्या हंगामावर टाकायचे. उघडी माती आणि पाऊस यांची गाठ पडू द्यायची नाही, हा या वेळापत्रकाचा अर्थ. उभ्या घरांसाठी आगोटीची कामे वेगळी: छप्पर शाकारणे, कौले परतणे, आणि चर उपसणे. चरात वर्षभराचा पाला आणि गाळ साचलेला असतो. तो न काढता पावसाला सामोरे गेलेल्या घराची मागची भिंत श्रावणात ओली झालेली आढळते.

घरांपेक्षा फार मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न गडांवर सोडवला गेला. राजगड हे त्याचे सर्वांत समृद्ध उदाहरण. मुरुंबदेवाच्या डोंगरावर छत्रपती शिवाजी महाराजांनी तो बांधवून घेतला आणि १६७० च्या दशकाच्या आरंभी राजधानी रायगडावर जाईपर्यंत स्वराज्याचा कारभार इथून चालला. तोरण्याची डागडुजी करताना सापडलेले धन राजगडाच्या बांधकामी लागले, असे परंपरा सांगते. बांधकामाच्या दृष्टीने पाहिले तर राजगड म्हणजे तीन लांब सोंडांवरचे आणि मध्यभागी उभ्या कड्याच्या बालेकिल्ल्यावरचे एक अवघड काम होते. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्यांवर जमीन अरुंद. पडलेले पाणी दोन्ही बाजूंना दरीत धावणार. त्या धावणाऱ्या पाण्याला तट आडवा येतो. तटाच्या मागे पाणी तुंबले तर दगडी बांधकामही फुगते आणि ढासळते. म्हणून तटाच्या बुडाशी पाणी जाण्यासाठी मोऱ्या ठेवत. सह्याद्रीच्या गडांवर त्या आजही दिसतात. त्या मातीने बुजल्या आणि झाडांनी सांध्यांत मुळे रोवली की तटाला पोट सुटते.

दरीत जाणारे सगळे पाणी मात्र जाऊ दिलेले नाही. पद्मावती माचीवरचे मोठे तळे, बालेकिल्ल्यावरचे चंद्रतळे आणि ठिकठिकाणची खडकात खोदलेली टाकी यांत ते धरले गेले. गडावर टाके खोदणे हे एकाच वेळी तीन कामे करते. खोदताना निघालेला दगड तटाला आणि इमारतींना मिळतो. खड्ड्यात पाणी साठते ते चुन्याच्या कामाला आणि पुढे शिबंदीला पुरते. आणि जे पाणी खाली तटावर जाऊन धडकले असते ते वरच थांबते. बांधकामाच्या जागेवरचे वाहते पाणी ही अडचण न मानता बांधकामाचेच साधन मानण्याचे हे उदाहरण आहे, आणि आजच्या बांधकाम शिक्षणात त्याला जागा मिळायला हवी.

ही जाण लेखी स्वरूपातही उतरली. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या ग्रंथात, दुर्गांच्या प्रकरणात पाण्याचा विचार येतो. गड बांधण्याआधी तिथे पाणी आहे का ते पाहावे. नसेल आणि जागा तर बळकट करणे भाग असेल, तर खडक फोडून टाकी आणि तळी करावीत. झरा आहे एवढ्यावर विसंबून राहू नये, जास्तीची टाकी बांधून ठेवावीत, असा त्याचा आशय आहे. भिंतींच्या आधी पाणी, असा क्रम त्या ग्रंथाने लावला आणि तो लढाईच्या गरजेतून आलेला असला तरी बांधणीचा क्रम म्हणूनही अचूक आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ल्यांची नोंद झाली. राजगड त्यांतला एक आहे.

गडांच्या खाली, उतारांवर, ताल घालण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. ताल म्हणजे उताराला आडवी घातलेली कोरड्या दगडांची भिंत. तिच्या मागे माती साचते, सपाटी तयार होते, आणि सपाटीवर खाचर. चुना नाही, सिमेंट नाही. मोठा दगड खाली, लहान वर, आणि भिंतीचा कल थोडा डोंगराकडे. अशा भिंतीचा मोठा गुण म्हणजे तिच्या फटींतून पाणी निघून जाते आणि माती मागे राहते. आजच्या सिमेंटच्या संरक्षक भिंतीशी तुलना केली म्हणजे या गुणाचे महत्त्व कळते. तीन मीटर उंच अभेद्य भिंतीमागे पाणी पूर्ण चढले, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे तीन टन दाब पडतो. मातीचा दाब त्याहून वेगळा. पाणी बाहेर काढणारी भोके नसलेली भिंत पावसाळ्यात उलथते ती याच दाबाने. कोरड्या तालीमागे हा दाब तयारच होत नाही.

खाचरांच्या उतरंडीत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. प्रत्येक बांधाला जास्तीचे पाणी सोडण्याचे एक ठरलेले तोंड असते, दगडांनी बांधलेले, आणि ते खालच्या खाचराच्या अशा कोपऱ्यात उघडते जिथे बांध पक्का आहे. पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरते, प्रत्येक पायरीवर त्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो, आणि तळाला ओढ्यात पोहोचते ते बरेचसे निवळलेले. तोंड बुजले तर पाणी बांधावरून कुठूनही उसळते आणि बांध फुटतो. एक बांध फुटला की खालचे चार फुटतात.

भोर संस्थानाच्या काळात बांधणीच्या साहित्यात बदल झाले. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातले सचिव शंकराजी नारायण यांच्या घराण्याकडे हा मुलूख राहिला आणि ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड हे संस्थानाचे तालुके गडांच्या आणि मावळाच्या नावांनी ओळखले जात. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, तेव्हा एक जुने महसुली नाव परत आले.

भोरचा राजवाडा आणि गावातले वाडे चौकाभोवती बांधलेले. वाड्याच्या बांधणीत आतल्या पाख्यांचे पाणी चौकात पडते. चौक फरसबंदीचा, एका कोपऱ्याकडे उतार दिलेला, आणि तिथून झाकलेल्या मोरीने पाणी बाहेर. ही मोरी इमारतीच्या पायाखालून जाते, म्हणून ती पायाबरोबरच बांधावी लागते. नंतर घालता येत नाही. साध्या घरांतला बदल छपरापासून सुरू झाला. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत मंगळुरी कौले पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरली. कुंभाराच्या नळीच्या कौलांपेक्षा ती एकमेकांत पक्की बसत आणि दर वर्षी परतावी लागत नसत. मग पन्हाळी पत्रा आला. पेंढा पाणी रेंगाळत सोडत असे, कौलांनी ते लवकर सोडले, पत्र्याने लगेच. त्याच आकाराच्या घराच्या पागोळ्या आता जास्त जोराने पडू लागल्या. पत्रा आला, पण पागोळीखालचे दगड आणि चर मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्याच मापाचे राहिले, आणि जोत्यांची बुडे उघडी पडू लागली.

याच काळात खोऱ्यांचे तळ बदलले. वेळवंडी नदीवर भाटघरला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पहिले दगडी धरण झाले आणि १९२८ मध्ये त्याच्या जागी मोठे लॉइड धरण पूर्ण झाले; आजचा साठा सुमारे साडेतेवीस टीएमसी. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा देवघर आणि गुंजवणी ही धरणे झाली. बुडीत क्षेत्रातल्या वस्त्यांपैकी काही दूर गेल्या, काही काठावरच्या चढावर सरकल्या. ज्या उतारावर आधीच्या पिढ्यांनी घर घातले नव्हते तिथे घर घालण्याची वेळ आली.

या दोन तालुक्यांतल्या एका मोठ्या बांधकामाच्या जागेवर पावसाने काय केले, ते सगळा महाराष्ट्र जाणतो. आंबी नदीवरचे पानशेत धरण १९६१ च्या पावसाळ्यात पूर्ण झालेले नव्हते, तरी त्यात पाणी अडवले गेले. पाणी सोडण्याच्या व्यवस्थेचे काम अर्धवट होते. पाणी वाहू लागले तसा मातीचा भराव खचत गेला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून पाणी थोपवले. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले, खाली खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. घराचे जोते आणि मातीचे धरण यांच्या आकारात अफाट फरक आहे, पण चूक ओळखीची आहे: पाण्याची वाट पूर्ण होण्याआधी मातीच्या कच्च्या भरावापुढे पावसाचे पाणी उभे केले गेले. मृगाआधी झाकता न येणारे काम पुढच्या हंगामावर टाकणाऱ्या गवंड्याला ही चूक दिसली असती.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मृदसंधारण हे सरकारी काम झाले. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला कायदेशीर आधार मिळाला. समपातळीवरचे बांध, पुढे सलग समतल चर, नाल्यांतले दगडी बांध ही कामे गावोगाव झाली. त्यांनी जुन्या तालींचेच तत्त्व मोजमापाच्या भाषेत मांडले. पण ती शेती आणि वनखात्याच्या हद्दीत राहिली. घराच्या जागेचा विचार त्यांत नव्हता, कारण घराची जागा तोवर गावठाणातच असे.

ही घडी गेल्या तीसेक वर्षांत मोडली. पुणे-सातारा महामार्ग रुंद झाला, शहरातले लोक डोंगर आणि धरणाचे पाणी दिसेल अशी जागा शोधू लागले, आणि उतारांचे गुंठे-गुंठ्यांचे तुकडे विकले जाऊ लागले. ज्या कामाला चार माणसांना महिना लागे ते जेसीबी एका दिवसात करतो. उतार कापून सपाटी, निघालेला मुरूम दरीच्या अंगाला ढकललेला, मधला ओघळ भरून टाकलेला, वर रस्ता. मे महिन्यात अशी जागा नीटनेटकी दिसते. जूनमध्ये भरलेला ओघळ आपली वाट परत मागतो. ढकललेला, न ठोकलेला मुरूम गाळ होऊन खालच्या खाचरांत पसरतो, आणि इंद्रायणी किंवा आंबेमोहोर भाताच्या रोपांवर तो बसला की त्या वर्षीचे पीक गेले. नुकसान सोसणारा बहुतेक वेळा जागा कापणारा नसतो; तो खालचा शेतकरी असतो. या अन्यायाकडे बांधकामाच्या चर्चेत फार कमी लक्ष दिले जाते.

डोंगर ढासळण्याची टोकाची उदाहरणेही याच काळात दिसली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे मेली. २२ जुलै २०२१ रोजी वरंधा घाटाच्या पलीकडे, महाड तालुक्यात, तळियेवर दरड कोसळली. त्याच पावसात भोर-महाड रस्ताही ठिकठिकाणी खचला. दरडीची कारणे एका घराच्या चरापेक्षा मोठी असतात. अतिवृष्टी, खडकाचे थर आणि उताराचा चढ यांचा त्यांत वाटा असतो. तरी उताराच्या पायथ्याचा आधार काढून घेणे आणि वरचे पाणी उतारात मुरू देणे या दोन गोष्टी त्याला कमजोर करतात, आणि दोन्ही लहान बांधकामातही घडतात.

नियम झाले आहेत. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले आणि भोर-वेल्ह्याचा काही भाग त्याच्या कक्षेत आला. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय बंधनकारक आहे. डोंगरमाथा-डोंगरउतार क्षेत्रांत १:५ पेक्षा जास्त चढाच्या जमिनीवर बांधकामाला मनाई आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यांतही या तालुक्यांतली गावे आहेत. पण हे नियम मुख्यतः पूर्ण झालेल्या इमारतीकडे पाहतात. काम चालू असताना, जमीन उघडी असताना, त्या एक-दोन पावसाळ्यांत पाणी कुठे जावे, हा प्रश्न बहुधा ठेकेदाराच्या मर्जीवर राहतो. खरे तर सगळ्यात जास्त माती त्याच काळात वाहून जाते.

त्या काळासाठी आज जे उपाय सांगितले जातात त्यांतले बहुतेक इथल्या जुन्या कामांचे वंशज आहेत. खोदाई सुरू करण्याआधी जागेच्या वर तिरपा चर काढून वरचे पाणी बाजूच्या नैसर्गिक ओघळीत नेणे. सगळी जागा एकदम न सोलता बांधायचा तेवढाच भाग उघडा करणे आणि खालच्या कडेला गवताचा पट्टा तसाच ठेवणे, म्हणजे वाहून आलेली माती तिथे अडते. वरची सुपीक माती वेगळी रचून ताडपत्रीने झाकणे आणि काम संपल्यावर परत पसरणे. चराच्या उतारात टप्प्याटप्प्याने दगडांचे लहान बांध घालून वेग मोडणे, जसा खाचरांच्या पायऱ्यांत मोडतो. जागेच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात गाळाचा खड्डा खणणे. पाणी त्यात थांबते, माती बसते आणि वरचे पाणी दगडी तोंडावरून पुढे जाते. खड्डा अर्धा भरला की उपसायचा, नाहीतर तो असून नसल्यासारखा. पायाच्या खणतीत साचलेले गढूळ पाणी पंपाने ओढ्यात न सोडता याच खड्ड्यात सोडायचे. भराव थराथराने ठोकायचा. रोलर असो की धुम्मस.

शोषखड्ड्याबाबत मात्र सावधगिरी हवी. पूर्वेकडच्या सपाट भागात तो उत्तम काम करतो. उतारावर, घराच्या डोंगराकडच्या बाजूला, तो घातला तर उपळीच्या पाण्यात भर पडते आणि जोत्याखालची जमीन भिजत राहते. अशा ठिकाणी पाणी जिरवायचे ते घराच्या खाली, पुरेशा अंतरावर, किंवा टाकीत साठवायचे. शंभर चौरस मीटरच्या छपरावरून १०० मिलिमीटर पावसात सुमारे १०,००० लिटर पाणी मिळते, आणि पुढचे बांधकाम, भिंतींवर मारायचे पाणी, मग उन्हाळ्यातली झाडे यांना ते उपयोगी पडते. गडावरच्या टाक्यांचा हिशेब हाच होता.

संरक्षक भिंतीत दीड-दोन मीटरच्या अंतराने पाइपची भोके, मागे दगडगोट्यांची भर आणि तिच्या बुडाशी पाणी वाहून नेणारा चर, ही आजची पद्धत. कोरड्या तालीच्या फटींनी जे आपोआप साधत असे ते इथे मुद्दाम करावे लागते. उतार फार उभा नसेल आणि दगड जवळ असेल तर दोन-तीन कमी उंचीच्या ताली एका उंच भिंतीपेक्षा स्वस्त पडतात आणि जास्त टिकतात; ताल घालणारे हात या मुलखात अजून आहेत. भोके पाइपची असोत की तालीची, त्यांतून पहिल्या पावसात गढूळ पाणी येते आणि मग निवळते. भर पावसाळ्यात ती कोरडी राहिली, तर मागे पाणी तुंबले आहे असे समजून ती लगेच मोकळी करावी लागतात.

वेळापत्रकाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कर्जाचे हप्ते, मजुरांची उपलब्धता आणि शहरातल्या मालकाची घाई यामुळे काम वर्षभर चालते. तरीही पश्चिम खोऱ्यांतले जाणते गवंडी खोदाई आणि भराव मे महिन्याच्या मध्यापर्यंत आटोपतात, मृगाआधी मागचा चर बांधून घेतात, आणि पावसाळ्यात आतली कामे किंवा काँक्रीटची कामे काढतात. जमीन उघडणारे काम पुन्हा दसऱ्यानंतर सुरू होते.